कल्हई आणि झिलई

मराठीत चकाकीला शब्द पुष्कळ आहेत. लकाकी, तकाकी, झळाळी, ओप, झिलई. पण आपल्या आज्यापणज्यांनी एक शब्द या रांगेत कधी बसवला नाही. तो म्हणजे कल्हई. कल्हईवाला दारात भाता लावून बसे, तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाके, पांढऱ्या धुरात कथलाची कांडी आतून फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने ती सारखी करी. भांडे चांदीसारखे दिसू लागे. परंतु कल्हई दिसण्यासाठी कोणी लावून घेत नसे. ती भांड्याच्या आतल्या बाजूला असे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक किंवा आमटी राहिली तर ती कळकते, आणि कळकलेले अन्न खाल्ले की घरातले माणूस आजारी पडते. झिलई उडाली तर वस्तू कुरूप दिसते एवढेच. कल्हई उडाली तर त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

हा फरक केवळ भांड्यांपुरता नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आणि तसे वाटायला कारण घडले ते मोटारगाडी धुण्याच्या रसायनांचे. वाचकांना हा विषय दिवाळी अंकाच्या मानाने थिल्लर वाटेल. तरी थोडा धीर धरावा.

मी चलथाणला राहतो. भुसावळकडून येणारी गाडी नवापूर, व्यारा, बारडोली मागे टाकून उधन्याजवळ येऊ लागली की लागते ते हे गाव. सहकारी साखर कारखान्यामुळे आजूबाजूच्या मुलखाला त्याचे नाव ठाऊक आहे. जवळून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो, लोहमार्ग गावातून जातो, सभोवती उसाचे मळे आणि कापडाचे कारखाने. अशा ठिकाणी पांढरी गाडी दोन दिवसही पांढरी राहत नाही. रस्त्याची धूळ, डांबराचे ठिपके, रुळांवरची आणि ब्रेकची बारीक लोखंडी भुकटी, पावसाळ्यात चिखल, आणि बाराही महिने कबुतरे. गाडी धुणे हे आमच्याकडे दात घासण्यासारखे नित्याचे काम आहे.

मुलगा सुरतेत नोकरीला. त्याने एका रविवारी खोकेभर बाटल्या आणून ओट्यावर मांडल्या. "नाना, आता वॉशिंग पावडर बंद. एकेक वापरून बघा आणि मला सांगा." निवृत्त माणसाला काम हवेच असते. पुढचे तीन-चार महिने मी त्या बाटल्यांची परीक्षा घेत होतो. आमच्या बाजूच्या बंगल्यातला तरुण जाता-येता हसून म्हणे, "काका, आ तो पाछी मेली थवानी ज छे." ही तर पुन्हा मळणारच आहे! त्याने गमतीने म्हटले. पण प्रश्न गमतीचा नाही. जे पुन्हा मळणारच आहे, त्याच्यामागे माणसाने इतका वेळ, पैसा आणि जीव का लावावा? निर्जीव वस्तूची इतकी सेवा ही निगा म्हणायची की मोह?

आपल्या घरात या प्रश्नाची दोन उत्तरे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी-शेजारी नांदत आलेली आहेत. एक उत्तर वैराग्याचे. जिथे देहाचा भरवसा नाही तिथे पत्र्याचे काय कौतुक! दुसरे उत्तर सणावारांचे. खंडेनवमीला आपण हत्यारे पुजतो, दसऱ्याला वाहन धुऊन त्याला झेंडूची माळ घालतो. आमच्या खानदेशात तर पोळा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू घासले, तो बैलाचा खांदा तूप आणि हळद लावून चोळतात. दुसऱ्या दिवशी बैलाला अंघोळ, मग शिंगांना रंग, अंगावर झूल, आणि मिरवणूक. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. आधी खांदा, मग शिंग. जिथे घासले आहे तिथे आधी हात फिरवायचा. लोकांना दिसायचे ते नंतर.

यंत्राच्या बाबतीत असेच काहीसे रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाने मोटारसायकलच्या देखभालीवर १९७४ साली लिहिलेल्या कादंबरीत मांडले आहे. यंत्राकडे लक्ष न देता, मन दुसरीकडे ठेवून काम करणारा कारागीर त्याला खटकतो. त्याच्या मते निगा हा मनाचा गुण आहे आणि तो कामातून बाहेर दिसतो. हे मान्य केले तर गाडी धुणे हलके काम ठरत नाही. पण मग प्रत्येक बाटलीला विचारावे लागते, बाई, तू खांदा चोळणारी आहेस की शिंग रंगवणारी?

हा प्रश्न विचारत गेलो तेव्हा त्या खोक्यातल्या बाटल्यांचे तीन गट पडले. काढणाऱ्या, राखणाऱ्या आणि दाखवणाऱ्या.

काढणाऱ्या बाटल्या मला सर्वांत प्रामाणिक वाटल्या. गाडीचा शाम्पू कपड्यांच्या पावडरीपेक्षा सौम्य असतो; पावडरीतला खार धुळीबरोबर रंगावरचे मेणही ओढून नेतो. खरा शहाणपणा मात्र बाटलीत नसून दोन बादल्यांत आहे. एका बादलीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे. फडका दरवेळी आधी साध्या पाण्यात पिळायचा आणि मग साबणात बुडवायचा, म्हणजे काढलेली वाळू पुन्हा गाडीवर घासली जात नाही. कोरडा फडका झटकन मारून धूळ उडवण्याची आपली सवय गाडीला सर्वांत घातक. रेतीचे कण रंगावर फिरतात आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसू लागतात. बोअरचे पाणी जड; उन्हात वाळले की त्यातल्या क्षारांचे पांढरे डाग बसतात. म्हणून धुणे सकाळी, सावलीत.

एक द्रव असा होता, की तो फवारला आणि दोन मिनिटांत पांढऱ्या दारावरून जांभळे ओघळ वाहू लागले. रंगात रुतलेल्या लोखंडी कणांशी त्याची क्रिया होते आणि रंग बदलतो. वास नासक्या अंड्याचा. बायको नाकाला पदर लावून म्हणाली, "अहो, गाडीला झाले तरी काय?" झाले काही नव्हते, जे होते ते दिसू लागले होते. धुऊन स्वच्छ दिसणाऱ्या पत्र्यात इतके लोखंड रुतले असेल अशी कल्पना नव्हती. नंतर चिकणमातीसारखा गोळा ओल्या पत्र्यावरून फिरवला, तेव्हा डोळ्यांना न दिसणारी खरखर बोटांना समजली. मळाच्या बाबतीत डोळ्यांपेक्षा बोटे अधिक खरे बोलतात.

आणि यात नवे तरी काय आहे? तांब्याला चिंच, खरकट्या भांड्याला राख, रेशमाला रिठा, हे आपल्या बायका जाणतच होत्या. प्रत्येक मळाची जात ओळखायची आणि त्याला त्याचे औषध द्यायचे. रिठ्याला आमच्या गुजराती शेजारणी अरीठा म्हणतात, एवढाच फरक.

राखणाऱ्या बाटल्या म्हणजे मेण आणि ते नवे सिरॅमिक लेपन. मेण कार्नौबाचे, ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर धरणारे. उन्हाने पानातले पाणी उडू नये म्हणून झाडाने स्वतःसाठी केलेली ती व्यवस्था. ती आपण पत्र्यासाठी उसनी घेतो. सिरॅमिकचा लेप सिलिकाचा, मेणाहून पुष्कळ टिकाऊ. दोन्हींचे काम कल्हईचे. ऊन, पाणी आणि पक्ष्यांची विष्ठा यांच्या आणि रंगाच्या मध्ये स्वतः उभे राहायचे. चमक येते, पण ती मजुरीवर मिळालेल्या वरकड पैशासारखी.

दाखवणाऱ्या बाटल्यांची गंमत वेगळी. टायर काळाभोर करणारे तेल लावले की गाडी शोरूममधून आल्यासारखी वाटते. दुसऱ्या दिवशी त्याच तेलावर महामार्गाची धूळ दुप्पट चिकटते. डॅशबोर्ड चकचकीत करणारे पॉलिश लावून दुपारी गाडी चालवली, तर डॅशबोर्डचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते आणि रस्ता धूसर दिसतो. झिलई कधी कधी अशी दृष्टीच्या आड येते. आणखी एक लेप होता, तो ओरखडे बुजवतो. बुजवतो म्हणजे भरतो. थोड्या धुण्यांत तो निघून जातो आणि ओरखडे जागच्या जागी असतात.

यांच्यापेक्षा वेगळी आणि विचारात पाडणारी बाटली ती घासून चमकवणाऱ्या पॉलिशची. ओरखडा खरोखर घालवायचा तर त्याच्या आजूबाजूचा थर त्याच्या खोलीपर्यंत झिजवावा लागतो. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे सहसा माणसाच्या केसाहूनही पातळ. दरवेळी आरशासारखी चमक हवी असेल, तर दरवेळी या थरातून काहीतरी खर्च होते. आणि हाच थर खालच्या रंगाला उन्हापासून वाचवतो. म्हणजे चमक आपण विकत घेतो ती संरक्षणाच्या मोबदल्यात. हे वाचताना गाडीखेरीज आणखी काही वाचकांच्या डोळ्यांपुढे आले तर ते त्यांचे त्यांनी पाहावे. लग्नसमारंभात आयुष्याची शिल्लक उधळणारी घरे आपण दोन्ही भाषांत पाहिली आहेत.

मी एक प्रयोग केला. बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावली. डावी बाजू महागड्या लेपाने, उजवी साध्या मेणाने. कोणती कोणती हे घरात कोणाला सांगितले नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांनी डावी बाजू ओळखली. पंधरा दिवसांनी धूळ बसल्यावर कोणालाही ओळखता येईना. पण धूळ धुऊन वर पाणी ओतले तेव्हा डावीकडून ते मोत्यांसारखे घरंगळले, उजवीकडे ते पसरून राहिले. ज्या गुणासाठी पैसे मोजावेत तो गुण धुळीखालीही शाबूत होता. ज्या गुणासाठी आपण बहुधा पैसे मोजतो, तो मात्र धुळीने झाकला होता.

येथवर निगा आणि मोह यांचा निवाडा सोपा वाटतो. कोणी पाहत नसतानाही जे केले जाते ती निगा. पाहणाऱ्यासाठी केले जाते तो मोह. पण ही कसोटी पुरी पडत नाही, हे मला पुढे जाणवले. कारण तिच्यात फक्त मी आणि माझी गाडी आहे. गाडीवरून निघालेला मळ त्यात कुठेच नाही. आणि मळ नाहीसा होत नाही. तो फक्त जागा बदलतो.

मी मोजून पाहिले. नळी लावून दहा मिनिटे गाडी धुतली तर १५ लिटरच्या नऊ बादल्या भरतील इतके पाणी जाते. दोन बादल्यांच्या पद्धतीत ३० लिटरमध्ये काम होते, आणि बादलीत झाकणभर घालून पुन्हा न विसळता पुसायचे जे नवे द्रव आहेत त्यांनी १५ लिटरमध्येही. पाण्याचा हिशेब आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पिण्याचे पाणी रेल्वेने न्यावे लागले. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड ठेवला. आपण तापीकाठची माणसे म्हणून निर्धास्त असतो. भुसावळजवळून आणि प्रकाशाच्या घाटाखालून वाहिलेले पाणीच उकाईच्या धरणात येते, तेच सुरतेला पुरते, आणि काकरापारच्या कालव्यांतून या पट्ट्यातल्या उसालाही तेच मिळते. गाव सोडून आलेल्या खानदेशी माणसाच्या मागोमाग त्याच्या गावचे पाणीही इथवर येते. ते गाडीच्या चाकांवर नऊ बादल्या ओतताना त्या गावातल्या टँकरची आठवण व्हावी, एवढे नाते तरी शिल्लक असायला हवे.

फडक्याचेही तसेच. मायक्रोफायबरचा धागा एक डेनियरपेक्षाही बारीक असतो. डेनियर म्हणजे काय हे सुरतेच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. ९,००० मीटर धाग्याचे वजन एक ग्रॅम म्हणजे एक डेनियर. आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल याच आकड्यावर पेटली. हा फडका गाडीला ओरखडा पाडत नाही हे खरे. पण तो पॉलिएस्टरचा असतो, आणि धुताना त्याचे जे तंतू सुटतात ते गटारातून पुढे जातात आणि कुजत नाहीत.

आणि मग हात. आमच्या सोसायटीत महिन्याच्या पगारावर गाड्या धुणारा एक माणूस आहे. साक्रीकडचा. एका गाडीमालकाने त्याला चाके उजळण्याची एक बाटली दिली होती. चाके खरोखर उजळली. दोन दिवसांनी मी त्याला विचारले तर तो म्हणाला, "वास चांगला शे दादा, पन हात भगभग करतस." बाटली घेऊन पाहिली. आत तीव्र आम्ल होते. हातमोजे घालावेत, डोळे जपावेत, हे मागच्या बाजूला बारीक अक्षरात इंग्रजीत छापलेले होते. या माणसाला अहिराणी येते, मराठी वाचता येते, गुजरातीही तो पाट्या वाचून शिकला आहे. तीन भाषा जाणणाऱ्या माणसाला सावध करणारी सूचना चौथ्या भाषेत होती. मग मी माझ्या खोक्यातल्या बाटल्याही पाहिल्या. त्यांतल्या एकीवरही मराठी नव्हते, गुजराती नव्हते.

त्या दिवसापासून मी एक काम अंगावर घेतले आहे. सोसायटीत जी नवी बाटली येईल तिच्यावरची सूचना कागदाच्या चिठ्ठीवर दोन्ही भाषांत लिहून ती बाटलीला डकवतो. मराठी मी लिहितो, गुजराती शेजारचा तो तरुण लिहितो. रबरी हातमोजे सोसायटीच्या खर्चातून आणावेत म्हणून बैठकीत बोललो, तेव्हा एकाने विचारले, "पगार देतो ना आपण?" देतो. पण पगार त्याच्या वेळेचा आहे, त्याच्या कातडीचा नाही. वाद झाला, हातमोजे आले. चाके थोडी कमी उजळली तरी चालतील हे मात्र अजून सगळ्यांना पटलेले नाही.

स्वच्छतेचा हा धडा सुरत शहराने फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. १९९४ च्या सप्टेंबरातली प्लेगची साथ आपल्या पिढीला विसरता येणार नाही. लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. त्या माणसांत आरशासारख्या लाद्या पुसणारी घरेही होती. त्यांच्या घरात कचरा नव्हता. गल्लीच्या तोंडाशी होता, आणि रोगाने उंबरठे पाहिले नाहीत. पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी जे केले त्यात झिलईचे काम थोडे होते. रोज कचरा उचलणे, गटारे वाहती ठेवणे, रात्रीची झाडलोट, आणि अधिकाऱ्यांनी खुर्ची सोडून रोज प्रत्यक्ष फिरणे. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत आणि इंदूर यांना मिळून देशात पहिला क्रमांक मिळाला, तो या खांदमळणीचा. शिंगे नंतर रंगवली गेली.

गाडगे महाराजांचे (१८७६–१९५६) मोठेपणही मला इथेच दिसते. गावात आले की ते आधी हातात खराटा घेत, रस्ते झाडत आणि संध्याकाळी कीर्तनाला उभे राहत. ते स्वतःच्या वस्तू झाडत नव्हते; त्यांच्यापाशी वस्तूच नव्हत्या. जो मळ कोणाचाच नाही असे सगळे म्हणत, तो त्यांनी आपला मानला.

यावर कोणी म्हणेल, माणसाने रविवारी सकाळी आपली गाडी चमकवून दोन घटका आनंद घेतला तर त्यावर इतका विचार कशाला लादायचा? आक्षेप योग्य आहे. त्या आनंदाला मी कमी लेखत नाही. कित्येक वर्षे सायकलवर कारखान्यात गेलेल्या माणसाने हप्ते फेडून गाडी घेतली असेल, तर तिच्यावर हात फिरवताना तो आपल्याच कष्टांवर हात फिरवत असतो. ती चमक त्याला लखलाभ असो. मोह वाईट म्हणून सोडावा, असे मला म्हणायचे नाही. शिंगे रंगवायला पोळ्यानेही कधी मनाई केली नाही. मनाई आहे ती खांदा विसरण्याची.

गुजरातीत स्वच्छ या अर्थी चोख्खुं हा शब्द आहे. मराठीत चोख म्हणजे खरा, अस्सल, हिशेबाला पुरा. चोख सोने, चोख व्यवहार. गुजराती माणूसही चोख्खी वात म्हणतो तेव्हा त्याला खरे, मोकळे बोलणेच अभिप्रेत असते. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांना हे दोन अर्थ एकदम ऐकू येतात, हे आपले भाग्य. शेजाऱ्याचे अंगण, कामकऱ्याचा हात आणि खालच्या गावाचे पाणी यांचा हिशेब चुकता केल्यावर जे स्वच्छ उरते, त्यालाच दोन्ही भाषांत चोख म्हणता येते.

या दिवाळीत आपल्या दारातली गाडी धुताना, घर रंगवताना किंवा भांडी घासताना हातात जी बाटली येईल, तिच्या पाठीमागची बारीक अक्षरे एकदा वाचावीत. ती ज्याच्या हाती देणार त्याला ती त्याच्या भाषेत वाचून दाखवावीत. गाडी पुन्हा मळणार आहेच. तिने मळावे आणि आपण धुवावे, यात कंटाळण्यासारखे काही नाही. धुतलेले पाणी कुठे जाते तिकडे मात्र एकदा मान वळवून पाहावे.